पाण्याकडे तोंड करून

त्या दिवशी हवा पडलेली होती. मतलई वारा सकाळीच थांबला, नि समुद्र ताटात ओतलेल्या पेजेसारखा झाला. लाट नाही, फेस नाही, वर नुसती पातळ साय. आभाळात ढग नव्हता, तरी ऊन पिवळं, कावीळ झालेल्या माणसाच्या डोळ्यासारखं. चाळीस वर्षं मासेमारीच्या होडीवर काढलेल्या माणसाला असली हवा बरी वाटत नाही. पण मी त्या दिवशी कामाला निघालो नव्हतो. पाहुणा होतो.

निलेश माझा मुलगा. रत्नागिरीत मिरकरवाड्याला बर्फाचा धंदा करतो. त्यानं आम्हा सगळ्यांना मोठ्या बोटीवर नेलं, मुंबईहून चौदा दिवसांची सफर. मी, माझी बायको सावित्री, निलेश, सून वेदिका नि सहा वर्षांची नात ईशा. सकाळी मुंबई सोडली. बोट कसली, अकरा मजली चाळच ती. गालिचे, आरसे, आत बाजार. चालतेय की उभी आहे तेही कळेना.

"अवो, चपला काय काढताय?" सावित्री म्हणाली. "देवळात आलात काय?"

"गालिचा मळेल गो."

"मळू दे. मासा बघितलात काय त्यांचा? एवढ्या समुद्रावर बसलेत, नि ताटात मासा थंडगार, बिनकाट्याचा. आजाऱ्याचं खाणं!"

आम्ही हसलो. मी तर विसरूनच गेलो की आपल्या पायाखाली पाणी आहे. पुढं जे झालं, ते या विसरण्यामुळं झालं. दोष माझा. दुसऱ्या कोणाचा नाही.

आमच्या होडीवर एक रीत होती. आमचा तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य, कमालचाचा. त्यानं ती पाळली नि आमच्याकडून पाळून घेतली. किनारा मागं पडला की कोणाला नावानं हाक मारायची नाही. जो जाळं ओढतो तो 'जाळ्या', जो चूल सांभाळतो तो 'भात्या'. मी सुकाणावर, म्हणून मला 'मागल्या' म्हणायचे. बंदरात दोर बांधला की मग ज्याचं त्याला नाव परत. बसून हळू बोलताना नाव आलं तर चालायचं. पण पाण्याकडे तोंड करून, मोठ्यानं, कधीच नाही. मी एकदा विचारलं, का? चाचा म्हणाला, "पाण्यात जे हाय, त्याला नाव नाय. आयतं ऐकलं तर घेतं ते."

पहिल्याच दिवशी दुपारी चारच्या सुमारास बोट आपल्या रत्नागिरीच्या समोरून चालली. मी ईशाला घेऊन वरच्या उघड्या मजल्यावर गेलो. लांबवर किनारा म्हणजे काळी रेघ, नि तिच्यावर दीपगृहाचा पांढरा ठिपका. मला भरून आलं. त्या पाण्यात माझी उमर गेली. माझ्या ओळखीची चार माणसं तिथंच गेली, हाताला न लागता.

"तो बघ बाय, भगवतीचा किल्ला. त्याच्या पोटाशी आपलं घर," मी म्हटलं, नि खाली बघितलं.

पोर नव्हती.

मागं नाही, खुर्च्यांत नाही. कठडा माझ्या छातीएवढा, पण खालच्या दांड्यांत फट. मी फटीशी वाकलो. खाली ते सपाट, साय धरलेलं पाणी. चाळीस वर्षं पाळलेली रीत एका क्षणात गेली, नि मी पाण्याकडे तोंड करून बोंब ठोकली.

"ईशा! ईशा गो! ईशा!"

"ओ, आजोबा..."

ओ खालून आली. लांबून नाही, अगदी फटीच्या पलीकडून. आवाज तिचाच. त्याच वेळी कोणी माझा सदरा मागून ओढला. वळून बघतो तर ईशा, हातात आईस्क्रीम, तोंड बरबटलेलं. तोंडात घास होता. बोलायला जागाच नव्हती.

मी कोणाला काही सांगितलं नाही. म्हातारा झालास धोंडू, कान वाजतात, असं स्वतःला समजावलं. पण वास आला होता. सुक्या मासळीचा नाही, चिखलाचा नाही. खूप दिवस बंद राहिलेल्या पाण्याच्या टाकीचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी, सावित्री, निलेश नि ईशा खाली जेवत होतो. वेदिका खोलीत अंघोळ करत होती. थोड्या वेळानं ती ओल्या केसांनी धावत आली, नि ईशाला आमच्यात बसलेली बघून जागच्या जागी थांबली.

"ही कधी आली खाली?"

"आमच्याबरोबरच आली. का?"

"मी आतून हाक मारली, ईशा, टॉवेल दे. तर गॅलरीतून ओ आली. मला वाटलं तुम्ही तिला ठेवून गेलात. बाहेर आले तर गॅलरीचं दार आतून लावलेलं. बाहेर कोणी नाही..."

निलेश हसला. "शेजारच्या खोलीतलं पोर असेल. ईशा, सांग आईला."

ईशानं मानही वर केली नाही.

"ईशा!"

नाही. ती भातावर बोटानं रेघा ओढत होती. सावित्रीनं तिच्या खांद्याला हात लावला. "बाळा, पप्पा हाक मारतायत ना? ओ द्यायची."

"मी कशाला देऊ?" ईशा म्हणाली, अगदी साधेपणानं. "ती देते ना."

मग मात्र मी सगळं सांगितलं. खोलीत येऊन, दार लावून. हाक, ओ, कमालचाचाची रीत. निलेशचा चेहरा लाल झाला.

"बाबा, पोरीच्या डोक्यात हे तुम्हीच भरवलंत. ते होडीवरचं होडीवर ठेवा. ही बोट आहे, इथं डॉक्टर आहे, इंजिनीअर आहेत."

"असूदेत. तू फक्त तिकडे तोंड करून नाव घेऊ नको."

"आत्ता दाखवतो तुम्हाला." त्यानं गॅलरीचं दार उघडलं. मी त्याचा दंड धरला. त्यानं झटकला. जन्मात पहिल्यांदा झटकला. नि बाहेर बघून ओरडला, "ईशा!"

बाहेर लख्ख ऊन. खाली सात मजले काही नाही, नि मग पाणी.

"ओ, पप्पा."

कठड्याला लागूनच. कोणी हनुवटी टेकून उभं राहावं, तेवढ्या उंचीवर.

निलेशनं दार लावलं. कडी घातली. मग खुर्ची लावली, खुर्चीवर बॅगा ठेवल्या. वेदिकानं पोरीला कुशीत ओढलं, तर पोर तिच्या खांद्यावरून दाराकडे बघत होती.

"ती म्हणते," ईशा म्हणाली, "तू इकडे ये, मी तिकडे येते. आईला कळणार पण नाही."

निलेशनं विचारलं, "बाबा... तुमच्या तांडेलानं यावर काही सांगितलं होतं?"

सांगितलं होतं. चुकून नाव गेलंच, तर त्या माणसाला होडीवर नावानं हाक मारायची नाही. बंदर आलं की त्याच्या आईला धक्क्यावर बोलवायचं. तिनं सुक्या जमिनीवर उभं राहून त्याला हाक घालायची. त्यानं स्वतःच्या तोंडानं ओ द्यायची, नि मगच पाय खाली टाकायचा. ओ त्याच्याच तोंडून यायला हवी.

"नि दुसरीकडून आली तर?"

"ते मी विचारलं नाय, रे. विचारवलं नाय."

पहिलं बंदर कोची, ते यायला अजून दुपार, संध्याकाळ नि रात्र होती. आम्ही तिला 'बाय' म्हणू लागलो. कोणीतरी तिचा हात धरून बसायचं, पाळीपाळीनं. जेवण खोलीत मागवलं. गॅलरीच्या काचेवर दिवसभर पडदा. पडद्यामागून आवाज नाही, काही नाही. फक्त पोर मधेच मान हलवायची, कोणी काही विचारल्यासारखी. एकदा म्हणाली, "नको, आत्ता आजोबांनी हात धरलाय." मी तिचा हात आणखी घट्ट धरला. मनात म्हटलं, मला घे. धोंडू नाव जुनं आहे, झिजलेलं आहे, पण घे. पण त्याला नवं नाव मिळालं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नवाच्या सुमारास बोट कोचीच्या धक्क्याला लागली. पुढची सफर आम्ही सोडलीच. वेदिका एकटी आधी उतरली. लोक आमच्याकडे बघत होते, मागून ढकलत होते. "चलो, काका!" मी जिन्याच्या तोंडाशी पोरीला धरून उभा. तिचे डोळे बाजूच्या फटीकडे, धक्का नि बोट यांच्यामधल्या काळ्या पाण्याकडे.

वेदिका खाली सिमेंटवर उभी राहिली. मग एकदम, गळा चिरल्यासारखी, "ईशा! ईशा, आईकडे ये!"

पोरीचे ओठ हलले, थांबले. फटीतून पाणी चुबुक चुबुक वाजत होतं. मी तिचा हात दाबला. "दे, बाय. तुझी आई हाय ती. तुझीच."

"ओ, आई!"

तिच्याच तोंडून. मी तिच्या ओठांकडेच बघत होतो. एकच आवाज आला. दुसरा आला नाही. ती धावत खाली गेली, आईच्या कमरेला मिठी मारून रडू लागली, नि मी जिन्यातच बसलो. सावित्रीनं मला उठवलं. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, सगळ्या लोकांसमोर.

दुपारची गाडी धरून दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नागिरीला उतरलो. गाडीत ईशा हसली, भांडली, हाक मारली की ओ देत होती. निलेशनं तर उगाचच शंभरदा हाक मारली असेल. दर वेळी ओ आली की तो डोळे पुसायचा.

आमच्या गल्लीत रिक्षा येत नाही. ईशा निलेशच्या खांद्यावर झोपली होती. तो, वेदिका नि सावित्री सामान उतरवत मागं राहिले. मी दार उघडायला म्हणून पुढं झालो. कोपऱ्यावरून अजून आमचं घर दिसत नाही. शेजारची नसीमा तिथं नळावर कळशी भरत होती. नवरा कतारला असतो, आमच्या घराकडे तीच लक्ष ठेवते. मला बघून तिनं नळ बंद केला.

"आलात काय, धोंडूकाका? बरं झालं. मी फोन लावत होते, लागेना. पोरीला एवढ्या पहाटे कोणाबरोबर पुढं धाडलंत हो? कधीची तुमच्या पडवीत बसलीय, भिंतीकडे तोंड करून. ईशा म्हटलं की ओ देते, पण वळून काय बघत नाय."