चौतीस टोले

तळेगडच्या बुरुजांमागे फटफटू लागले आणि छावणीतल्या इंग्रजी देवळाचा काळा दगडी मनोरा धुक्यातून वर आला, तेव्हा त्या मनोऱ्यात यशया घंटेचा दोर धरून उभा होता आणि तो ओढण्याचा धीर त्याला होत नव्हता. आज हे देऊळ कॅथेड्रल म्हणून मिरवते, वारसा यादीत त्याचा मान आहे, दाराशी पाटीही आहे; पाटीवर यशयाचे नाव मात्र नाही, कारण पाट्या लिहिणारे घंटा वाजवणाऱ्याची विचारपूस करीत नाहीत.

यशया पूर्वीचा येसाजी काळोखे. बाप्तिस्मा घेतल्यावर भाऊबंदांनी त्याला वाळीत टाकले. एकटा धाकटा म्हाळोजी, पलटणीतला सुभेदार, मनोऱ्यात येऊन त्याच्याजवळ बसे. कोणी वारला, की त्याचे जितके वय तितके टोले द्यायचे, असा त्या देवळाचा रिवाज. पटकीच्या साली दोघे भाऊ ते टोले मोजीत बसलेले.

सन सत्तावन्नचा तो श्रावण. शनिवारी सायंकाळी म्हाळोजी आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "दादा, उद्या परार्थनेला जाऊ नगं. अंग मोडून आलंय म्हन."

"का रं?"

"गोरे बंदुका भाईर रचून आत जात्यात. उद्या त्या आमच्या हातात असतील."

"आत बायकापोरंबी असत्यात, म्हाळू."

म्हाळोजीने मान खाली घातली. "तू पाठीवर घेऊन वाढवलंस, म्हनून सांगितलं," एवढे बोलून तो उतरून गेला.

यशयापुढे इकडे आड, तिकडे विहीर. सांगावे, तर भाऊ तोफेच्या तोंडी; न सांगावे, तर ज्या लेकरांच्या बाप्तिस्म्याला त्याने घंटा वाजवली त्यांचे रक्त देवळाच्या फरशीवर. शत्रूवरही असा प्रसंग येऊ नये.

अखेर रविवारच्या त्या पहाटे त्याने दोर ओढला. छावणी दचकून जागी झाली, कारण कोणी आजारी नव्हते. पलटणीच्या लाइनीत, शिपायांच्या बराकींत, म्हाळोजी सवयीने मोजू लागला. चौतिसाव्या टोल्याला घंटा थांबली, आणि चौतीस हे आपलेच वय, हे त्याच्या ध्यानात आले.

पाद्री व्हिटकम धापा टाकीत जिना चढून आले. "यशया, कोण वारले?"

"माझा भाऊ, साहेब."

"कधी?"

"अजून जिता आहे. आज प्रार्थना भरली, तर तो मरेल, आणि एकटा मरणार नाही."

"नाव मी विचारीत नाही," पाद्रीसाहेब म्हणाले, आणि खाली जाऊन त्यांनी आपल्या हाताने देवळाला कुलूप घातले.

मसलत फुटली हे ओळखून कटवाले मागे सरले. म्हाळोजीलाही पळता आले असते. दादाने टोल्यांतून तेच सांगितले होते. परंतु बंद दार पाहून पलटणीच्या गोऱ्या कर्नलाला संशय आला, लाइनीत चोरून साठवलेली काडतुसे सापडली, आणि म्होरक्या पुढे न आल्यास सारी कंपनी तोफेच्या तोंडी देऊ, अशी दवंडी फिरली. तेव्हा म्हाळोजी रांगेतून दोन पावले पुढे झाला. "मसलत माझी एकट्याची. ह्या शिपायांस ठाऊक नव्हती," तो म्हणाला.

दिवस कलताना तोफ उडाली. यशया दोराकडे धावला, तो कर्नल दाराशी आडवा आला. "बंडखोराकरिता घंटा वाजणार नाही."

"वाजवायची गरज नाही," पाद्रीसाहेब हळूच म्हणाले. "त्याची सकाळीच झाली."

बिचाऱ्या पाद्र्याने सांत्वन म्हणून म्हटले, आणि ते वाक्य यशयाच्या काळजात जन्मभर रुतले. भावाला वाचवायला ओढलेल्या दोराने आपणच त्याला मारले, असे त्याच्या मनाने घेतले.

पुढे अठ्ठावीस वर्षे घंटा त्याच्याकडेच होती. लेकरू गेले, तरणाताठा गेला, तर टोले बिनचूक पडत. पण ऐंशी वर्षांची मडम वारली तरी घंटा चौतिसाला थांबे, आणि वर पाहावे तर यशया दोराला कपाळ टेकून उभा. नव्या पाद्र्याने एकदा त्याला रागे भरून कारण विचारले.

"साहेब," तो म्हणाला, "त्याच्या पुढचं मला मोजता येत नाही."