अकराव्या मिनिटाला

"आठ मिनिटं झाली," शेजारची फूटपट्टी घड्याळावरची नजर न काढता म्हणाली.

दादाच्या पलंगाशेजारी स्टुलावर ठेवलेला बुटांच्या खोक्याएवढा काळा डबा घूं घूं करत होता. पडद्यावर खेळातला दादाचा गडी एका पडक्या पुलावरून जीव तोडून पळत होता. दादाची बहीण मुंगी पलंगाशी उभी होती. नऊ झाली, दहा झाली. मग अकराव्या मिनिटाला खट्ट आवाज आला, पडदा काळा पडला आणि पुलावरचा गडी पळता पळता नाहीसा झाला.

"उचला ते," दादा म्हणाला आणि त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुकानातून आणल्यापासून हे तिसऱ्यांदा घडत होतं. शुक्रवारची संध्याकाळ होती आणि सोमवारी सकाळी दादाला न्यायला गाडी येणार होती. दूरच्या शहरातल्या मणक्याच्या इस्पितळात त्याला चार महिने आडवं पडून काढायचे होते. दादा सोळा वर्षांचा, शाळेत सगळ्यांत जोरात पळणारा, आणि आता कूस बदलायलाही आई लागायची. रोज संध्याकाळी सात वाजता तीन मित्रांबरोबर कॉम्प्युटरवर खेळणं, एवढंच त्याचं उरलं होतं. तिथे तरी तो पळायचा! पण घरातला जुना कॉम्प्युटर म्हणजे धूड होतं. तो बाहेरच्या टेबलावर, आणि दादाला तर टेबलाशी बसताच येईना. महिनाभर खेळ बंद होता. मग दादाचं जेवण कमी झालं, पाठोपाठ बोलणं. शेवटी इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनीच परवानगी दिली, की आणा कॉम्प्युटर, पण इथल्या पलंगाजवळच्या फळीवर मावेल तेवढाच. फळी केवढी? तर शाळेचं दप्तर बसेल एवढी.

तेवढाच कॉम्प्युटर जमवायचं काम मुंगीने अंगावर घेतलं. मुंगी म्हणजे दादाची तेरा वर्षांची बहीण. अंगापिंडाने एवढीशी, पण आपल्या दुप्पट ओझं उचलायची खोड, म्हणून मुंगी. तिच्या जोडीला सुट्टीला आलेला मावसभाऊ होता. तो कशालाही "पण का?" विचारायचा, म्हणून त्याला सगळे वकील म्हणत. आणि शेजारची उंच, सडपातळ फूटपट्टी. तिचं नाव तिच्या उंचीमुळे पडलं की हातातल्या पट्टीमुळे, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

सुट्टीचे पहिले पंधरा दिवस तिघांनी त्यातच घालवले. बाकीची मुलं पोहायला जात होती आणि ही मंडळी पुठ्ठा कापत होती! डब्याच्या आतल्या मापाचं खोकं त्यांनी पुठ्ठ्याचं केलं. जो भाग पसंत पडेल, त्याचं लांबी-रुंदी-जाडीसकट पुठ्ठ्याचं सोंग करायचं आणि खोक्यात बसवून बघायचं. खेळाची चित्रं पडद्यावर रंगवणारं तीन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड दादाला फार आवडलं होतं, पण ते बोटभर लांब निघालं. दोन पंख्यांचं बसलं, तर त्याच्या जाडीमुळे झाकण तीन मिलिमीटर वर राही. फूटपट्टीने त्याच्यावर काट मारली तेव्हा मुंगीला रडूच आलं होतं. शेवटी एका पंख्याचं घेतलं. पॉवर सप्लाय लहानातला लहान घेतला. प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर इतका बुटका शोधला, की वरून झाकण लावल्यावर मधे फक्त पोस्टकार्ड जाईल. दादा पलंगावरून सूचना करायचा. त्या पंधरा दिवसांत तो दोनदा हसलाही होता, आणि मुंगीने ते दोन्ही दिवस लक्षात ठेवले होते.

आणि आता हे असं.

शनिवारी बाबा डबा काखेत मारून दुकानात गेले. ही तिघंही गेली. दुकानातल्या माणसाला आसपासचे सगळे तज्ज्ञ म्हणत, निदान तो तरी स्वतःला म्हणायचा. फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबलेला, मान वाकडी, आणि दोन्ही हात कामात. डबा जोडला तोही असाच. त्या दिवशी मुलं लुडबूड करतील म्हणून त्यांना बाहेर पायरीवर बसवलं होतं आणि आत फक्त बाबा होते. शनिवारी तज्ज्ञाने झाकण काढलं, कॉम्प्युटर सुरू केला, दोन मिनिटं पडदा बघितला आणि फोनवरच्या माणसाला थांबायला लावून बाबांना सांगितलं, की यंत्र ठणठणीत आहे, दोष आहे तो डब्याचा. एवढ्याशा डब्यात गुदमरतंय ते. मोठा डबा घ्या, आठवड्याने येईल.

"पण मोठा डबा त्या फळीवर बसणार नाही," मुंगी म्हणाली.

"मग नका खेळू. डबा निवडला कोणी?"

सगळे मुंगीकडे बघायला लागले. घरी येताना बाबा वाटभर बोलत होते. तरी मी म्हणत होतो, मोठ्या माणसांचं काम मोठ्या माणसांना करू द्यावं. पोरीच्या हट्टापायी सगळं मुसळ केरात गेलं. बाबांना तिला दुखवायचं नव्हतं. ते घाबरलेले होते आणि घाबरलं की त्यांना कोणावर तरी खापर फोडायला लागायचं. पण हे कळायला मुंगीला अजून बरीच वर्षं लागणार होती. तिला एवढंच कळलं, की दादाची शेवटची गोष्ट आपण घालवली.

त्या रात्री ती जेवली नाही. आईने बोलावलं तर भूक नाही म्हणाली. पुठ्ठ्याची सगळी सोंगं तिने कचऱ्यात टाकली. तिला वाटलं, दादा चार महिने त्या भिंतीकडे तोंड करून पडणार आणि भिंत आपणच त्याला निवडून दिली.

रविवारी सकाळी वकील आणि फूटपट्टी आले, तेव्हा ती अंगणात पायरीवर बसली होती. फूटपट्टीने समजूत घालून बघितली, पण मुंगीने मान वर केली नाही. वकिलाला समजूत वगैरे घालता येत नसे. तो समोर बसला आणि त्याने आपला नेहमीचाच प्रश्न विचारला.

"पण का? डबा लहान म्हणून तापतो, हे ठरवलं कोणी?"

"तज्ज्ञाने."

"त्याने तपासलं? झाकण काढून दोनच मिनिटं चालवला ना? आपला तर अकरा मिनिटांनी बंद पडतो. झाकण काढून अकरा मिनिटं कोणी चालवलाय?"

मुंगीने मान वर केली. खरंच की, कोणीच नाही.

दादाची परवानगी घ्यायची तिची हिंमत नव्हती, म्हणून त्यांनी डबा बाहेरच्या खोलीत आणला. झाकण उघडं टाकलं, वरून टेबलफॅनचा झोत सोडला आणि खेळ सुरू केला. फूटपट्टीने घड्याळ हातात घेतलं. पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान दिसत होतं. ऐंशी, नव्वद, शंभराला टेकलं, आणि बाराव्या मिनिटाला तोंड लागतं न लागतं तोच खट्ट.

"डबा निर्दोष सुटला," वकील म्हणाला. "हवेचा दोष असता तर आज तासभर चालला असता."

फूटपट्टीने वायर काढली आणि कूलरच्या धातूच्या पात्यांवर बोट ठेवलं. मग पंजाच ठेवला. ती चमत्कारिक चेहरा करून मुंगीकडे बघत राहिली. पाती जेमतेम कोमट होती. खाली प्रोसेसर शंभर अंशांवर उकळतोय आणि त्याला चिकटून बसलेल्या कूलरला पत्ताच नाही! म्हणजे उष्णता कूलरपर्यंत पोचतच नव्हती. दोघांच्या मध्ये काहीतरी होतं.

काय असेल, ते मात्र तिघांनाही सुचेना. पुन्हा मुंगीचा धीर खचला. तज्ज्ञाचं दुकान रविवारी बंद, आणि तो फोन उचलेना.

दुपारी बाबा बातम्या लावायला रिमोट दाबत होते आणि रिमोट ऐकत नव्हता, कारण तो प्लास्टिकच्या पिशवीत होता. मुंगीच्या घरात हे रोजचंच. बाबांना नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढलेलं खपायचं नाही. फ्रिजच्या दारावर आठ वर्षांपूर्वीचा कागद होता, खुर्च्यांवर बसलं की चरचर आवाज यायचा, आणि आईने हात टेकले होते. मुंगी त्या पिशवीकडे बघता बघता उभीच राहिली.

"बाबा, दुकानात डबा जोडताना तुम्ही त्यांना काही सांगितलंत?"

"मी कशाला काय सांगू? एवढंच म्हटलं, कुठलंही प्लास्टिक काढू नका, वस्तू नवी राहते. त्याने फोनवर बोलता बोलता मान हलवली."

मध्ये काय होतं, ते मुंगीला आता कळलं. आता हे खरं सांगावं, तर बाबा म्हणणार, उद्या गाडी यायची आहे, कशाला हात लावू नका. आणि तज्ज्ञाची वाट बघायला वेळ कुठे होता? तिने वकिलाकडे बघितलं. वकील बाबांच्या शेजारी चरचरत्या खुर्चीत बसला आणि त्याने अत्यंत नम्रपणे विचारलं, "काका, पण प्लास्टिक काढलं तर वस्तूचं नक्की बिघडतं काय?"

झालं! असा प्रश्न बाबांना आयुष्यात कोणी विचारला नव्हता. पाऊण तास तरी ते उठणार नव्हते.

मुंगी आणि फूटपट्टीने डबा दादाच्या खोलीत नेला. प्रोसेसरची उष्णता कूलरला पोचावी म्हणून दोघांच्या मध्ये लावायच्या पेस्टची एक बारीक नळी कूलरच्या खोक्यात उरली होती, तीही घेतली. दादाने वळून बघितलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचं होतं.

"नको मुंगे. खरंच नको. प्रत्येक वेळी वाटतं आता चालेल. मला आता काही वाटायलाच नको आहे."

"शेवटचं."

"तू कालपण हेच म्हणालीस."

ती खाली बसली आणि तिने कूलरचे चार स्क्रू सोडवले. दोनदा पेचकस निसटला. कूलर हळूच पिळून उचलला. त्याच्या तळाच्या तुळतुळीत तांब्याच्या पट्टीवर पारदर्शक प्लास्टिकचा कागद होता आणि त्यावर पेस्ट फासलेली. कागदाच्या कडेला बारीक लाल अक्षरं होती. 'लावण्यापूर्वी काढा.'

मुंगीने तो कागद सोलला आणि दादाच्या हातात दिला. दादाने तो उजेडात धरला, वाचला, पुन्हा वाचला. मग कोपरांवर जोर देऊन थोडासा कुशीवर आला. दुखलं असणार, तरी त्याने हात पुढे केला.

"पेचकस इकडे दे," तो म्हणाला. "तुझा हात हलतोय. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे असतात, नाहीतर कूलर एका बाजूला बसतो."

त्याच्या पाठीच्या पट्ट्या बदलायला ठेवलेल्या स्पिरिट आणि कापसाने फूटपट्टीने जुनी पेस्ट पुसली. मुंगीने वाटाण्याएवढी नवी लावली. आणि दादाने चारही स्क्रू आवळले.

अकरावं मिनिट आलं आणि गेलं. तापमान सत्तरच्या वर चढेना. फूटपट्टीने विसावं मिनिट मोजलं, मग चाळिसावं, आणि मग मोजायचं सोडून दिलं. दारात बाबा येऊन उभे होते, त्यांच्यामागे वकील आणि आई. दादाने तो कागद बाबांपुढे धरला. बाबांनी वाचला.

"माझ्यामुळे झालं," ते म्हणाले. "आणि मी वाटभर तुला बोललो, मुंगे." त्यांनी तिला जवळ घेतलं आणि आईला सांगितलं, की पोरांनी जे शोधलं ते त्या तज्ज्ञाच्या बापालाही जमलं नसतं. आई नुसती तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. तज्ज्ञाने संध्याकाळी फोन उचलला. असं होतं कधीकधी, म्हणाला, पण झाकण उघडं ठेवून अकरा मिनिटं चालवून बघायचं हे सुचलं कोणाला, असं त्याने दोनदा विचारलं. वकिलाची छाती फुगली.

मुंगीला हे सगळं ऐकू येत होतं, पण ती सुखावली नाही. इतके दिवस तिला वाटत होतं, डबा चालला की सगळं ठीक होईल. डबा चालला होता. आणि पलंगाखाली दादाची बॅग भरून तयार होती.

सगळे जेवायला गेले तरी ती पलंगाच्या कडेला बसून राहिली. मित्रांचा निरोप घेऊन दादाने हेडफोन काढले.

"छान झालाय," तो म्हणाला. मग अगदी हळू म्हणाला, "मला तिथे जायची भीती वाटते."

महिनाभरात त्याने हे कोणाला सांगितलं नव्हतं. मुंगीला खूप काही म्हणायचं होतं, की घाबरू नकोस, चार महिने काय असे जातील. पण ते खोटं वाटलं.

"मलापण," ती म्हणाली.

दादाने पलंगावर सरकून तिला जागा करून दिली. सरकायला त्याला बराच वेळ लागला, आणि या वेळी त्याने आईला हाक मारली नाही.