कॅन्टीनमधून जाणारी हद्द

“उठा,” ती म्हणाली. “तुम्ही माझ्या अभयारण्यात बसला आहात.”

कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेल्या माणसाने चहाचा कप खाली ठेवला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मग खुर्चीखालीही पाहून घेतलं. न जाणो, एखादं कासव असायचं.

“कसलं अभयारण्य?”

“सागरी.” तिने हातातलं यंत्र त्याच्या नाकासमोर धरलं. भर समुद्रात आपण नेमके कुठे आहोत, हे सांगणारं ते यंत्र एरवी तिच्या होडीवर असायचं. “नव्या कायद्याच्या मसुद्यात हद्दीचे चार कोपरे दिलेत. तिसरा शोधत मी धक्क्यावर आले, धक्क्यावरून रस्त्यावर, रस्त्यावरून या कचेरीत. तो तुमच्या बशीत आहे.”

त्याने बशी जरा सरकवली. “आता?”

हसू येण्यासारखंच होतं ते... पण तिला हसायचं नव्हतं. पाणी तापतंय, आणि खाडीच्या तोंडाशी अंडी घालणारे मासे गार पाण्याच्या शोधात बाहेर, खोलवर सरकलेत, हे तिने ऊन-वारा सोसून, मोजमापं घेऊन सिद्ध केलं होतं. शास्त्रज्ञ म्हणून अहवाल सरकारला दिला होता. पालथ्या घड्यावर पाणी.

“हा मसुदा ज्या शहाण्याने लिहिला ना, त्याने जन्मात समुद्र पाहिलेला नसणार. जुन्या कायद्याचा नकाशा घेतला आणि उतरवून काढला. ही कचेरीच मुळी समुद्रात भराव घालून बांधलीय, तेवढंही त्याला ठाऊक नाही. तेही हसून सोडून दिलं असतं मी. पण मासे आता हद्दीच्या बाहेर अंडी घालतात, आणि मोठ्या बोटी तिथे जाळी सोडून बसल्यात. त्यांना कायद्यानेच पत्ता दिलाय — इथवर मनाई, पलीकडे खुशाल लुटा.”

त्याचे कान लाल झाले होते.

“समुद्र पाहिलाय मी,” तो हळूच म्हणाला. “या खिडकीतून. रोज.”

तिच्या लक्षात यायला क्षणभर लागला. “तो शहाणा — तुम्ही?”

तोच. विधी अधिकारी. कचेरीत त्याला ‘स्वल्पविराम’ म्हणत, कारण त्याच्यापाशी आलेला कुठलाही कागद थोडा थांबून मगच पुढे जाई. हा एकच न थांबता गेला होता.

“तुमचा अहवाल माझ्यापर्यंत आलाच नाही. वरून नकाशा आला. लिहा म्हणाले, लिहिलं.”

“उद्या उडी मार म्हणाले तर?”

“का ते विचारीन. मला पोहता येत नाही.”

तिने अहवाल टेबलावर आपटला. त्याने तो तिथेच वाचायला घेतला. चहावर साय धरली, कॅन्टीनवाला दोनदा टेबल पुसून गेला, तरी याची मान वर नाही.

“म्हणजे मासे सरकतच राहणार?” त्याने शेवटी विचारलं.

“पाणी तापेल तसे.”

“मग हद्द कुठे आखू? कुठे जाळं टाकलं की दंड होतो, हे मासेमाराला कळायला नको? आज इथे, उद्या तिथे केलं, तर लहान होडीवाला फुकट मरेल. मोठा बोटवाला वकील आणून सुटेल.”

प्रश्न रास्त होता. म्हणून ती अधिकच चिडली. “उद्या सकाळी धक्क्यावर या. खिडकीतून पुरे झालं.”

तो आला. धक्का दिसेनासा होण्याआधीच त्याला होडी लागली. तिने त्याच्या हातात वास घ्यायला लिंबू दिलं.

“मला त्रास होणार, हे ठाऊक होतं तुम्हाला?”

“आशा होती.”

इतक्यात समोरच्या मोठ्या बोटीने जाळं वर ओढलं. पोटात अंडी असलेले टंच मासे फळीवर ओतले गेले. नको असलेली पिल्लं परत पाण्यात फेकली, ती पांढरी पोटं वर करून तरंगत यांच्या होडीला येऊन लागली. तो वाकून बघत राहिला. आवाज निघाला तो ओळखू न येणारा.

“याला परवानगी — आपण दिली?”

आपण. ‘त्यांनी’ नाही, ‘वरच्यांनी’ नाही. तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. तुषारांनी त्याचा चष्मा आंधळा झाला होता. तिने तो काढून घेतला, रुमालाने पुसला, परत त्याच्या नाकावर बसवला... आणि मग तिला स्वतःचाच राग आला.

मसुदा तपासणाऱ्या समितीच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, “हद्द एकदाच आखा आणि मोकळे व्हा.”

स्वल्पविराम उभा राहिला. त्याचा आवाज चढला होता. “साहेब, तशी आखली तर तिचा कोपरा आपल्या कॅन्टीनमध्ये येतो. तिथे मासा फक्त ताटात सापडतो.”

सगळे हसले. तो हसला नाही. त्याने नवं कलम वाचलं: दर वर्षी अंडी घालण्याच्या हंगामाआधी पाहणी, मग नवी हद्द जाहीर, आणि समुद्रात त्या हद्दीवर लाल तरंगती पिंपं, लहानातल्या लहान होडीवाल्याच्याही डोळ्यांना दिसतील अशी. बरीच वादावादी झाली. कलम मंजूर झालं. मोठ्या बोटींचा दंड मात्र निम्म्यावर आणला गेला. तो राग तिने पुढच्या भांडणासाठी राखून ठेवला.

संध्याकाळी ती मंजूर कलमाचा कागद घेऊन कॅन्टीनमध्ये आली, त्याच टेबलाशी.

“हे काय घुसडलंय? ‘पाहणी शास्त्रज्ञ व विधी अधिकारी यांनी एकाच होडीतून करावी.’ एकाच?”

“इंधन वाचतं.”

“तुम्हाला होडी लागते.”

“लागते.”

“मला न विचारता मला कायद्यात घातलंत. संताप येतोय मला.”

“येऊ द्या.” तो कपाकडे बघत म्हणाला. “या इमारतीत इतकी वर्षं काढली, कुणालाच येत नव्हता. मलाही नाही. तुम्ही आलात आणि...”

“आणि तुमची बदली झाली, म्हणजे? दुसराच कोणी विधी अधिकारी येऊन बसेल माझ्या होडीत.”

कान पुन्हा लाल. “त्यावर एक उपाय आहे. त्याला समितीची मंजुरी लागत नाही. फक्त — तुमची.”

ती समोरच्या खुर्चीवर बसली.

“आधी पोहायला शिका,” ती म्हणाली.

“शिकवेल कोण?”

“आहे एक. फार रागीट आहे.”

त्याने अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी तिच्याकडे सरकवली. तिसरा कोपरा आता तिच्या बाजूला आला होता.