ड्रमच्या मागे

धाकटा दुपारीच स्टुडिओत पोचला. हातात गरम पाण्याचा थर्मास, खिशात शेवटच्या गाण्याचे शब्द. आज एवढं गाणं गायलं की अल्बम पुरा होणार होता. स्टुडिओ म्हणजे गॅरेजच्या खालचं तळघर. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकी एकही नाही. बाहेर लख्ख ऊन असलं तरी आत पाऊल टाकलं की कानात कापूस कोंबल्यासारखं व्हायचं, आणि गाद्यांचा ओलसर वास नाकात बसायचा.

"घसा कसाय?" स्टुडिओवाल्या काकांनी विचारलं.

"बराय."

"तुझं बराय म्हणजे बसलेला. पाणी पी आधी."

काका तिरकसच बोलायचे. पण दादा गेल्यापासून ते धाकट्यावर एकदाही ओरडले नव्हते.

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. बँड त्याचा. रेडिओवर लागतं तसलं गुळगुळीत रॉक त्याला करायचंच नव्हतं. काहीतरी खरखरीत, आडवळणाचं, मध्येच दम सोडून देणारं त्याच्या डोक्यात असायचं. तो गायचा, ढोल्या ड्रम बडवायचा, आणि धाकटा मागे उभा राहून बेस गिटार वाजवत दादाच्या सुरात सूर मिसळायचा. लहानपणापासून तेच. आईसुद्धा पाहुण्यांना सांगायची, "हा गातो. आणि हा... हा याच्याबरोबर असतो."

अल्बम करताना आधी ड्रम रेकॉर्ड करतात. गाणं कुठवर आलंय ते ड्रमवाल्याला कळावं म्हणून गायक कच्चं गाऊन देतो, त्याला गाईड म्हणतात. पुढे ते पुसून टाकायचं असतं, म्हणून ड्रमच्या माइकांत शिरू नये अशा बेताने गायकाला वेगळ्या खोलीत बसवतात. पण दादाने हट्ट धरला, "मला ढोल्याचं तोंड बघून गायचंय." कुणाचं ऐकेल तर तो दादा कसला! ड्रमच्या समोरच उभा राहिला, दर गाण्याआधी सवयीने "हं, चला" म्हणाला आणि गायला. शेवटच्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्याचे शब्द तेव्हा झालेच नव्हते. तिथे तो नुसता गुणगुणला.

त्याच आठवड्यात त्याची मोटारसायकल ट्रकखाली गेली.

गाईड ठरल्याप्रमाणे पुसलं गेलं. पण ड्रमसमोरच्या माइकांनी दादाचा आवाजही टिपला होता, ठोक्यांमध्ये मुरलेला, वेगळा न काढता येणारा. ड्रम पुन्हा वाजवायला ढोल्या तयार होईना. "माझे हातच उठत नाहीत रे," एवढंच म्हणाला.

म्हणून आता धाकटा गात होता. आयुष्यात पहिल्यांदा, पुढे उभा राहून. याचा त्याला आनंद झाला होता, आणि तो आनंद त्याने कुणालाही दिसू दिला नव्हता. एकदा आईने अल्बम लावावा, ऐकावा आणि म्हणावं, हा माझा धाकटा गातोय... बस, एवढंच त्याला हवं होतं.

त्याने हेडफोन चढवले. ड्रम सुरू झाले.

"काका, दादा ऐकू येतोय."

"येणारच. तुझ्या आवाजाखाली झाकला जाईल. गा तू."

पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्यात मात्र तो अर्ध्या ओळीवर थांबला.

"काका... पुन्हा लावा. नुसते ड्रम."

काकांनी लावले. ठोक्यांच्या मागे, जिन्याच्या तळाशी कुणी उभं असावं तसा, दादा गात होता. गुणगुणत नव्हता. शब्द म्हणत होता. सगळे, जिथल्या तिथे.

काकांनी बटण दाबून तो आवाज बंद केला. "हे शब्द कधी लिहिलेस?"

"काल."

"कुणाला दाखवलेस?"

"कुणालाच नाही..."

काका गाद्यांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पाणी पी. गा परत. एकदाचं संपवून टाकू."

अल्बम बाहेर पडला. आधी कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग एका वर्तमानपत्रात कुणीतरी लिहिलं, की पुढे गाणारा मुलगा मेहनती आहे. पण त्याच्यामागे जो दुसरा आवाज दबून राहिलाय, तो काळजाला हात घालतो. झालं. लोक त्या मागच्या आवाजासाठी गाणी पुन्हा पुन्हा ऐकू लागले. एका कार्यक्रमात गर्दीतली एक मुलगी ओरडली, "मागचा कुठंय?" सगळे हसले. पुढच्या कार्यक्रमात अख्खं सभागृह तेच ओरडत होतं. ढोल्याने काठ्या खाली ठेवल्या आणि जो निघून गेला तो परत आलाच नाही.

मग एक दिवस रस्त्यात एका अनोळखी माणसाने धाकट्याला थांबवलं. "पुढचा आवाज काढून टाकलात ते बरं केलंत हं. आता कसं मोकळं वाटतं!"

त्याने तर काहीच काढलं नव्हतं. तो धावतच स्टुडिओत गेला.

काकांनी गाणं उघडलं. पडद्यावर धाकट्याच्या आवाजाची रेघ वर-खाली नाचायला हवी होती. ती सरळ, सपाट होती.

"मी हात लावला नाही रे. आईशप्पथ."

त्यांनी नुसते ड्रम लावले. दादा आता अगदी पुढे होता, कानाशी तोंड आणून गावं तसा. आणि दूर मागे, जिन्याच्या तळाशी, कुणीतरी दबक्या आवाजात त्याच्या सुरात सूर मिसळत होतं.

"ड्रम रेकॉर्ड केले त्या दिवशी तू गायला होतास?"

"नाही. मी नुसता बेस वाजवत होतो..."

"काय? मोठ्याने बोल की."

"मोठ्यानेच बोलतोय, काका."

काका कानामागे हात धरून त्याच्या ओठांकडे बघत होते.

तो घरी आला तेव्हा दिवेलागण झाली होती, पण दिवा लावलेला नव्हता. आईने अल्बम लावला होता. तो बाहेर पडल्यापासून पहिल्यांदाच. स्पीकरला जवळजवळ कान लावून ती बसली होती, आणि कित्येक दिवसांनी हसत होती.

"आई," त्याने दारातून हाक मारली.

तिने मान वळवली नाही. स्पीकरमधून मात्र, ड्रमच्या मागून, अगदी क्षीण आलं... "आई."

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली, "हा कोण याच्याबरोबर?"

शेवटचं गाणं संपलं. अल्बम तिथेच संपतो. खोलीत नुसती स्पीकरची बारीक खरखर उरली. धाकट्याला वाटलं, आता ती उठेल, वळेल, आपल्याला बघेल.

"हं, चला," दादा म्हणाला.

ड्रम सुरू झाले. हे गाणं त्यांनी कधीच रेकॉर्ड केलं नव्हतं. धाकट्याने ते कधी ऐकलंही नव्हतं. आईने हात पुढे करून आवाज वाढवला.

धाकटा दारात ओठ घट्ट मिटून उभा होता. आणि ध्रुवपद आलं तेव्हा ड्रमच्या मागून त्याचाच आवाज बरोबर ठोक्यावर उठला, आणि दादाच्या सुरात मिसळला.