चार दांड्यांचा गुडघा

दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, हे मला कळतं. पण आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात, पाटणकर बाजारामागच्या त्या कृत्रिम पायांच्या केंद्रात नंबर लागायला तासभर जातो, आणि शेजारच्या बाकावर कुणीतरी लॅपटॉप उघडाच टाकून गेलं होतं. पडद्यावर चार दांड्या, चार सांध्यांनी जोडलेल्या, संथ डुलत होत्या. मी बोटाने एक ओढली... आणि सगळ्या अडकून लाल झाल्या.

"अगं बाई!" माझ्या तोंडून निघालं.

"अरे, क्या कर दिया आपने?" मागून आवाज आला. मग जरा हसून— "मराठी आहात? मग तर रागावता पण येणार नाही."

तो सुश्रुत. केंद्रासाठी गुडघे तयार करणारा इंजिनियर. डोळे गंभीर, स्वेटरवर तीळगुळाच्या गजकाचा चुरा.

"हा गुडघा आहे," तो म्हणाला. "दांडी लांब-छोटी करा, लगेच दिसतं कसा वाकतो ते. असली गुडघा बनवायच्या आधी."

मी पुन्हा दांडी ओढली. माझा उजवा पाय दोन वर्षांपूर्वी स्कूटरच्या अपघातात गेला, मांडीपासून. तेव्हापासून लोक माझ्याशी हळू आवाजात बोलतात. हा मात्र सरळ भांडायलाच उभा होता. मला बरं वाटलं.

"तुमच्या गुडघ्यात गडबड आहे," मी म्हटलं.

"मतलब?"

"तुम्ही मांडी पक्की धरलीय आणि पाय हलवताय. म्हणजे मी हवेत लटकलेली! मी जमिनीवरून उठते तेव्हा पाऊल पक्कं असतं, मी हलते."

तो बाकावर बसला, त्याने पडद्यावरचं पाऊल जमिनीला जोडलं आणि मांडी उचलली. निम्म्यावर गुडघा मिटला.

"हे मी कधी बघितलंच नाही," तो पुटपुटला. "खुर्चीचाच विचार केला."

मला खुर्ची नको होती. माझ्या गुरू लीलाताईंच्या घरी माघात बैठक असते. खुर्चीवर बसून गा, असं सगळे समजावत होते. मला सतरंजीवर बसून गायचं होतं आणि कुणाच्या हाताविना उठायचं होतं. नाहीतर गाणंच सोडायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं.

मग रोज दुपारी आम्ही दांड्या ओढत बसलो. मागची जरा लांब, पुढची जरा आखूड. आमची बोटं एकाच सांध्यावर यायची, आणि दोघंही तो सोडायला उशीर करायचो... नवा गुडघा तयार झाला तेव्हा मी त्याच्याकडून वचन घेतलं.

"बैठकीत मी पडले, तरी तुम्ही उठायचं नाही."

"राजलक्ष्मी, हे थोडं ज़्यादा होतंय—"

"नाही उठायचं."

बैठकीत मी यमन गायले. चांगला झाला. मग उठायला लागले, आणि पडले. पाऊल मागे राहिलं होतं, पडद्यावर शंभरदा पाहिलेली चूक. सगळी खोली धावली. लीलाताईसुद्धा.

"कुणी हात लावू नका!" मी ओरडले.

तिसऱ्या रांगेत एकटा सुश्रुत बसून होता. दोन्ही मुठींत सतरंजी आवळलेली, डोळ्यांतून पाणी वाहतंय, पण जागचा हलला नाही. मला उचलायला इतके हात होते. मी उठेन यावर विश्वास त्या एकाचाच होता.

मी पाऊल चार बोटं पुढे सरकवलं. मांडीवर जोर दिला. गुडघा थरथरला... आणि टिकला. मी उभी राहिले. माणसं टाळ्या वाजवत होती. मी थेट त्याच्यासमोर गेले.

"आता उठा की!"

"नाही उठता येत," तो ओशाळून म्हणाला. "पायांना मुंग्या आल्यात."

मी हसले, मग रडले. माझं प्रेम आहे तुमच्यावर, असं मी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं, आणि हात पुढे केला.

त्याने तो धरला आणि माझ्या आधाराने उठला.