जितीचं नाव

शिवगर्जना हाइट्स.

हे पहिलं नाव. १९९३च्या जानेवारीत बाळकुमला आमच्या मिठागराच्या जागेवर हा पत्र्याचा बोर्ड लागला. जागा आमची, बांधणार शेठ, आणि नाव दोघांच्या संमतीने. ही अट करारात मीच घालायला लावली होती. माझे बाबा, काळुराम, तेव्हा नुसती मान डोलावून मोकळे झाले.

शेठना इमारतीच्या नावात वारसा हवा होता. तोफा, बुरूज, दरबार. आमच्या खाडीकाठी यातलं काहीच नव्हतं. मीठ होतं, आणि ते पिकवणारी माझी आजी, आवडाबाई. ती त्याआधी दोन वर्षं गेली होती आणि आगर बंद पडलं होतं. मला इमारतीला तिचं नाव हवं होतं. त्यासाठी एक फ्लॅट कमी घेईन म्हणाले, तर शेठ हसले.

"मिठाचं नाव काढलं की गिऱ्हाइकाला तहान लागते, उत्तराताई."

आठवड्याभरात बोर्डावर खार फुटला. अक्षरांचे पापुद्रे गळून पडले. खाडीची हवा, दुसरं काय.

बुरूज रेसिडेन्सी.

तेही गळलं. गणू पेंटरने रंग बदलला, पत्रा बदलला, बोर्ड रस्त्याच्या बाजूला नेला.

दरबार पॅले

शेवटचं अक्षर काढायच्या आत पहिलं फुगलं. गणूने ब्रश रॉकेलमध्ये टाकला आणि चहाला गेला, तो त्या दिवशी परत आला नाही.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये सातव्या मजल्यावर गच्चीचा स्लॅब ओतून झाला. स्लॅब भिजत राहावा म्हणून त्यावर सिमेंटचे वीतभर बांध घालून चौकोनांत पाणी साठवतात. पाणी टँकरचं, गोडं. मी स्वतः प्यायलेले.

चार-पाच दिवसांनी शेठनी मला वर बोलावलं. चौकोन कोरडे होते. पांढरे. प्रत्येकाच्या कोपऱ्यात मिठाची एक रास, फावड्याने ओढून वर टोक काढलेली, आजी काढायची तशी. कुठेही पाऊल उमटलेलं नव्हतं. शेठनी बोट लावून चाखलं आणि मग ते बोट बराच वेळ पँटला पुसत राहिले.

"घाला तुमचं नाव," ते म्हणाले.

मी जिंकले होते. पेढे घेऊन घरी आले. बाबांनी पेढा हातातच धरून ठेवला.

"आगराला मेल्या बाईचा नाव देत नाय, पोरी. जितीचा देतात. पहिल्या राशीवर हात दाबते, तिचा."

मला ते आठवत होतं. आजीच्या हाताचा ठसा पडला की त्या राशीला कुणी शिवत नसे. पण ही आता इमारत होती, आगर नव्हतं. गणूने मोठ्या निळ्या अक्षरांत 'आवडाई आगर' रंगवलं. अक्षरं टिकली.

उद्घाटनाला सगळा गाव आला. खाली बेंजो वाजत होता. मी एकटीच गच्चीवर गेले. राशी अजून तशाच होत्या; पहिली गुळगुळीत, बिनठशाची. इतका आनंद झाला होता, की मी तिच्यावर हात ठेवला आणि दाबला.

मिठाने आतून हात दाबला.

मी खाली आले. शेठनी दोरी ओढली. पडदा सरकला.

उत्तरा आगर.

टाळ्या. गणू बोर्डाकडे पाहत होता, मग माझ्याकडे.

शेठ म्हणाले, "छान केलंत. आयत्या वेळी बदललंत."

बाबांनी टाळी वाजवली नाही.

मी वाजवली. जोरात.

फ्लॅट महिन्याभरात गेले. घोडबंदर रोडला इमारती उठल्या, तिथे आत्ताच बोर्ड गंजू लागलेत. आमचा काल लावल्यासारखा आहे. लग्न करून मी कल्याणला गेले होते. आठवडाभर टिकले. मी हात घालीन त्या हंड्यातलं पाणी खारट व्हायचं. सासूबाईंनी हात जोडून परत पाठवलं. मागोमाग नवरा, आनंदा, तोही आला. अजून मित्रांना सांगतो, मी हुंड्यात समुद्र मागितला नव्हता रे. सातव्या मजल्यावर आमचं बरं चाललंय. दर उन्हाळ्यात गच्चीवर पहिली रास येते, मी हात दाबते.

या वर्षी मला तिसरा महिना लागलाय. आनंदा रोज नवनवी नावं शोधतो, मुलाची, मुलीची. मी ऐकून घेते.

आज सकाळी गच्चीवर गेले. राशीवर आधीच एका हाताचा ठसा होता.

लिंबाएवढा.

खाली बोर्डावर माझ्या नावाचं पहिलं अक्षर फुगू लागलंय.