आण्याची पाचवी भेट

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्यांपैकी किती बायका पुढची दहा वर्षं जगतात, याची नोंद ठेवणं ही माझी नोकरी. वर्षातून एकदा घरी जायचं, दुसरी बाजू हाताने तपासायची आणि फॉर्मवर 'हयात' किंवा 'मयत' लिहायचं.

आणे गावच्या फुलाबाईंची चार वर्षं सुरळीत गेली. पाचव्या वर्षी, २००१च्या एप्रिलमध्ये, आळेफाट्याला माझी आण्याची एसटी चुकली. ऊन मी म्हणत होतं. इतकी ठणठणीत बाई, तिला काय धाड भरणार? स्टँडवरच्या हॉटेलात बसून मी लिहिलं, 'हयात. दुसरी बाजू तपासली. गाठ नाही.' फॉर्मच्या कोपऱ्यावर चहाच्या ग्लासाचा गोल डाग पडला, तो रुमालाने टिपला, सही ठोकली आणि पुण्याला परतले.

पुढच्या एप्रिलला गेले, तर भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली फुलाबाईंचा फोटो.

"जानेवारीत गेली आई," त्यांची मुलगी रत्ना पाणी देत म्हणाली. "दुसऱ्या बाजूला गाठ व्हती. लई म्हणलं, दवाखान्यात चल. तर म्हणायची, इंद्रायणीबाईंनी तपासलंय, काय न्हाई म्हणल्यात."

मी पेला खाली ठेवला. "मी? कधी?"

"असं काय करता? गेल्या एप्रिलात आल्ता की. हीच पिशवी खांद्याला. च्या बी घेतला न्हाई. आई म्हणली, एवढ्या उनात बाईंचा हात लई गार व्हता."

मी आलेच नव्हते, हे तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण नोकरी आठवली आणि जीभ उचलेना. अजून स्वतःची किळस येते.

बोलता बोलता रत्नाचा हात पदराखाली गेला. डावीकडे काहीतरी चाचपत होती.

"दुखतंय?"

"न्हाई. गोळा लागतोय जरासा."

"बघू दे. आत्ताच."

ती हसली. "अवो, परवाच तर तपासलंत."

परवा मी दिवसभर पुण्यात ऑफिसात होते.

"रत्ना, ती मी नव्हते. आईच्या वेळीही नव्हते. मी खोटं लिहिलं होतं."

तिने पदर घट्ट ओढून घेतला. तसबिरीमागून परवाचा, घडी केलेला फॉर्म काढला.

"मग हे कुणी लिवलं?"

माझं अक्षर. माझी सही. 'गाठ नाही.'

कोपऱ्यावर चहाच्या ग्लासाचा गोल डाग होता. मी बोट लावलं. ओला होता.